सायत्राबाईंचा उजवा हात

लकवा मारलेल्या माणसाचा पाय लवकर परत येतो, हात मागे राहतो. पाय चालू लागला की घरचे देवापुढे नारळ फोडतात आणि हाताला विसरतात. तिरोड्यात माझं फिजिओथेरपीचं दोन खोल्यांचं केंद्र आहे. तिथे बसून हे इतक्यांदा पाहिलं आहे की माणूस दारातून आत आला की मी त्याची चाल बघतच नाही, त्याने हात कुठे ठेवलाय ते बघते. कुणी तो खिशात घातलेला असतो, कुणी दुपट्ट्याखाली झाकलेला, कुणी चांगल्या हाताने असा धरलेला, जणू शेजाऱ्याने सांभाळायला दिलेली वस्तू आहे.

सायत्राबाईंनी तो माझ्या टेबलावर ठेवला. डाव्या हाताने मनगट धरून उचलला आणि भाजीवाली मेथीची जुडी टाकते तसा टाकला.

“हा माहा जावई,” त्या म्हणाल्या. “दोन महिन्यांपासून घरी बसून हाय. तेल लावा, आंघोळ घाला, उशीवर झोपवा. काम सांगितलं का ऐकत नाई. याचं काय करतं ते सांग.”

जीभ अजून थोडी जड होती, शब्द एका बाजूने घसरत होते, पण बोलण्यातली धार गेली नव्हती. वय साठीच्या आसपास. काळसर, उंच, खांद्यात रुंद. मागे त्यांचे यजमान आत्मारामजी उभे होते, एका हातात रिपोर्टांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन. बाईंनी नुसतं ओठ ओले केले तरी ते बाटलीचं झाकण उघडायचे.

मी बोटं हलवायला सांगितली. बराच वेळ काही झालं नाही. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं जेमतेम हलली, झोपेत एखादं पोर हलतं तशी.

“घरी या हाताने काय काय करता?”

उत्तर आत्मारामजींनी दिलं. “काई करू देत नाई, मॅडम. भरवतो मीच. वेणी घालतो, लुगडं नेसवतो. तिले काईच तरास नाई.”

हे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितलं. आणि ते समाधानच माझी पहिली अडचण होती. मेंदू फार व्यवहारी असतो. ज्या अवयवाकडून काम येत नाही त्याची हाक तो हळूहळू ऐकेनासा होतो. चांगला हात पुढे येतो, घरचे पुढे येतात, आणि आजारी हात प्रेमाने कायमचा निकामी होतो. हे मी त्या दोघांना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. दिवसातले तीन तास डावा हात कापडात बांधून ठेवायचा, जे करायचं ते उजव्याने, आणि कुणी मदत करायची नाही.

आत्मारामजी माझ्याकडे, मी एखादा गुन्हा करायला सांगितल्यासारखे बघत राहिले. सायत्राबाई मात्र म्हणाल्या, “मंग असं सांग ना. उपाशी ठेवा जावयाले.”

त्यांचं गाव तिरोड्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, तळ्याच्या काठाचं. दोन एकर धानाची शेती. पण गावात त्यांची ओळख शेतीवरून नव्हती, रोवणीवरून होती. आषाढ-श्रावणात धान रोवायला बायांच्या टोळ्या निघतात. एका टोळीत पंधरा-वीस बाया, आणि तिच्या पुढे एक जण, जिच्या वेगाने बाकीच्यांनी सरकायचं. तीस वर्षं ती जागा सायत्राबाईंची होती. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे कोवळ्या रोपांची, जुडी. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिखलात जाणार, रोप ठेवून वर येणार, तोवर अंगठ्याने पुढचं रोप सुटं केलेलं असणार. त्यांच्या मागे रोवणं म्हणजे शिक्षाच असायची, असं त्यांच्या टोळीतली एक बाई मला पुढे हसत म्हणाली. ओळ वाकडी गेली तर बोलायच्या नाहीत, फक्त उभ्या राहून बघायच्या. त्यापेक्षा बोललेलं परवडायचं.

तो बांधून ठेवण्याचा उपाय सुरू झाल्यावर दहा-बारा दिवसांनी आत्मारामजी एकटेच आले. बसले नाहीत. दारातच उभे राहून म्हणाले, “मॅडम, हे सोडून द्या.”

मी विचारलं काय झालं.

“दीड तास लागते तिले जेवाले. भात नाकाले लागते, लुगड्यावर पडते. माशा बसते. तो चांगला हात बांधलेला, माशी हाकलता येत नाई. मी पाहत राहू का? काल मी उठून तळ्याच्या पाळीवर जाऊन बसलो.” मग ते म्हणाले, “मी हाय ना. मी जिता हाय तवरी तिले हाताची गरज काय?”

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर आहे, पण ते त्या माणसाच्या तोंडावर मला देता आलं नाही. मी म्हटलं, बाईंना विचारून बघा. ते म्हणाले, विचारलं. मग काय म्हणाल्या?

“म्हणते, तू मेल्यावर मी कोनाच्या हातानं खाऊ. शेजारनीच्या का?”

सायत्राबाई अशाच बोलायच्या. त्यांच्या बोलण्यात लाडीगोडीला जागा नव्हती, आणि त्यातली बरीच वाक्यं माणसाला लागायची. आत्मारामजींना तर रोज लागत असणार. तरी दुसऱ्या दिवशी ते दोघं नेहमीच्या वेळी आले. आत्मारामजी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून राहिले. बाई व्यायाम करत असेपर्यंत वळून पाहायचं नाही, हे त्यांनी स्वतःवर घालून घेतलेलं बंधन होतं. ते त्यांनी पुढे कित्येक महिने पाळलं.

माझ्याकडे व्यायामासाठी रंगीत प्लास्टिकचे शंकू आहेत, खुंट्यांची पाटी आहे, मऊ चेंडू आहेत. सायत्राबाईंनी ते एकदा करून पाहिले आणि बाजूला सारले. “हा पोरायचा खेळ हाय. यानं हाताले लाज वाटत नाई. बोटानं काय करायचं ते सांग, वस्तू मी आनतो.”

मी सांगितलं, अंगठा आणि दोन बोटं, चिमटीत धरायचं आणि सोडायचं. धरण्यापेक्षा सोडणं कठीण, ते जास्त करायचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत लाखोळीची डाळ आणि गहू एकत्र केलेले होते. ते स्टीलच्या ताटात ओतून त्या एक एक दाणा वेगळा करत बसल्या. पहिल्या दिवशी अकरा दाणे वेगळे झाले. बाराव्याला ताट उपडं झालं, आणि माझ्या खोलीभर पसरलेले दाणे आम्ही तिघांनी गोळा केले. त्या स्वतः उजव्या हाताने गोळा करायचा हट्ट धरून बसल्या, त्यामुळे त्या दिवशी पुढचे दोन पेशंट बाहेर ताटकळले.

ज्येष्ठ संपता संपता त्यांनी याहून मोठा उपद्व्याप केला. एक दिवस आत्मारामजी डोक्यावर घमेलं घेऊन आले. त्यात धानाच्या बांधीतला चिखल होता आणि बाईंच्या पिशवीत पऱ्ह्यांची जुडी. मी नको म्हणायच्या आत घमेलं माझ्या व्यायामाच्या टेबलावर होतं. खोलीला शेताचा वास यायला लागला. सायत्राबाईंनी बोटं चिखलात घातली, आणि मी तोवर त्यांच्या हातात न पाहिलेली एक गोष्ट पाहिली. शंकू धरताना वाकडा होणारा तो अंगठा चिखलात गेल्यावर सरळ झाला. कुठे जायचं ते त्याला ठाऊक होतं. रोप उभं राहिलं, कललं, पण पडलं नाही.

मग त्यांनी दुसरं रोप लावलं. तिसऱ्याला बोटं उघडेनात, तेव्हा त्यांनी हात तसाच चिखलात राहू दिला आणि डोळे मिटून घेतले. शेवटच्या बाकावर आत्मारामजी कॅलेंडरच बघत होते. “पाहा आता,” त्या म्हणाल्या. ते उठून जवळ आले, घमेल्यात वाकून पाहिलं, आणि चष्मा पुसायला बाहेर गेले.

त्या वर्षी रोवणीला त्या खरोखर उतरल्या. मला रविवारी बोलावलं होतं, म्हणून मी गेले. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभी होते. टोळीच्या पुढे आता दुसरी बाई होती. सायत्राबाईंनी स्वतःहून काठाकडची शेवटची ओळ घेतली होती. डाव्या दंडाला जुडी अडकवलेली, रोवणं फक्त उजव्याने. बाकीच्यांची तीन-चार रोपं लागेपर्यंत त्यांचं एक लागायचं. हळूहळू टोळी पुढे गेली आणि त्या मागे एकट्या राहिल्या.

मग टोळीतल्या दोघी मागे आल्या. सायत्राबाईंपेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी लहान असतील. सायत्राबाई कंबर सरळ करायला उभ्या राहिल्या, पाठ फिरवून पाणी प्यायल्या, तेवढ्यात त्या दोघींनी त्यांच्या ओळीतली सात-आठ हात जागा रोवून टाकली आणि काही झालं नाही अशा पुढे निघून गेल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी असते तर मीही तेच केलं असतं.

सायत्राबाई वळल्या, खाली पाहिलं. “माह्या ओळीत कोनी हात घातला?”

त्या वाकल्या आणि त्या दोघींनी लावलेली रोपं एक एक करून उपटली. उपटायलाही उजवाच हात वापरला, आणि उपटणं रोवण्यापेक्षा अवघड होतं. सगळी टोळी थांबून पाहत होती. मग त्यांनी तीच रोपं त्याच जागी परत लावायला सुरुवात केली. दोघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, बाई आता काही तरी बोलतील तिला, समजुतीचं. त्या बोलल्या नाहीत. दुपारी धुऱ्यावर भाकरी खाताना मात्र त्यांनी स्वतःच्या डब्यातली चटणी त्या मुलीच्या भाकरीवर ठेवली. उजव्या हाताने. अर्धी खाली सांडली. मुलीने ती उचलून खाल्ली.

दिवाळीनंतर मला त्यांना एक गोष्ट सांगावी लागली. सहा-सात आठवडे हात होता तिथेच थांबला होता. चिमूट जमत होती, पेला धरता येत होता, जेवण अर्ध्या तासावर आलं होतं. पण करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलीच राहिली, आणि खांदा डोक्याच्या वर जात नव्हता. मी म्हटलं, “मावशी, मिळालं ते टिकवायचं. याच्यापुढे फार मिळेल असं मला वाटत नाही.”

“म्हंजे मी पुढं रोवत नाई आता.”

“टोळीच्या पुढे, नाही.”

त्या उठल्या, पिशवी घेतली आणि गेल्या. पुढचे तीन आठवडे आल्या नाहीत. माझे आकडे आणि माझी पुस्तकं बरोबर होती, आणि तरी मला सारखं वाटत राहिलं की हे मी चार महिन्यांनी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

मग एके दिवशी शेजारच्या गावातली एक बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आली. तिचे यजमान भाऊराव. पूर्वी एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचे. वर्षभरापूर्वी लकव्याने त्यांचा डावा हात गेला आणि तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसायचे, हात दिसू नये म्हणून. त्यांच्याकडे कुणी सायत्राबाई नावाची बाई बसने येऊ लागली होती. ओळख ना पाळख. कुणाकडून तरी ऐकलं आणि आली. आल्या आल्या तिने भाऊरावांची शाल काढून दांडीवर टाकली, आणि त्यांच्या बायकोला सांगितलं, याले भरवू नको, हा काई देव नोहे. दहा-पंधरा दिवसांत भाऊराव डाव्या हाताने ताट धरू लागले. इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

पण माझ्या केंद्रात आखडलेल्या खांद्यांसाठी एक कप्पी टांगलेली आहे. सायत्राबाईंनी ती पाहून ठेवली होती. त्यांनी भाऊरावांच्या घरी छपराच्या आढ्यावरून विहिरीचा दोर टाकला, एक टोक भाऊरावांच्या दुबळ्या हाताला बांधलं, दुसरं त्यांच्या चांगल्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ओढ. लकव्याच्या सैल खांद्याला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. खांदा सुजला. माणूस रात्रंदिवस कण्हत होता.

मी निरोप पाठवून सायत्राबाईंना बोलावलं आणि खूप रागावले. आयुष्यात माझ्या आईच्या वयाच्या बाईवर मी इतकी कधी रागावले नव्हते. तुमचा हात तुमचा होता, दुसऱ्याचा हात तुमच्या मालकीचा नाही, हेही बोलून गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली घातली नाही.

“किती दिवस दुखन त्याले?” त्यांनी शेवटी विचारलं.

मी सांगितलं, तीन आठवडे तरी. आणि शेक कसा द्यायचा, हात उशीवर कसा ठेवायचा तेही दाखवलं.

सायत्राबाई पुन्हा गेल्या त्या पहिल्या दिवशी भाऊरावांनी दार लावून घेतलं. त्या ओट्यावर बसून राहिल्या आणि संध्याकाळच्या बसने परत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने दार उघडलं, कारण पाऊस नसताना कुणी बाई आपल्या ओट्यावर दिवसभर बसून राहिली तर गाव काय म्हणेल, अशी तिला काळजी. सायत्राबाईंनी आत जाऊन चुलीवर पाणी ठेवलं. तीन आठवडे त्या रोज गेल्या, एक दिवस चुकवला नाही. माफी मात्र मागितली नाही. हे मला भाऊरावांच्या बायकोने पुढे सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात. “पन शेवटच्या दिवशी यायनंच चाय करायले लावला मले,” ती भाऊरावांबद्दल म्हणाली, “आन कप यायनं सोता नेऊन देला तिले. दोन्ही हातानं.”

त्यानंतर सायत्राबाई महिन्यातून एकदा माझ्याकडे यायच्या, पण व्यायामाला नाही. समोर बसून एकेका माणसाचं सांगायच्या. अमक्या गावच्या म्हातारीची मूठ उघडत नाही, ओढू का? तमक्याचा हात थरथरतो, काम सांगू का? मी म्हणायचे हे करा, हे करू नका. करू नका म्हटलेलं त्या बोटांवर मोजून लक्षात ठेवायच्या, वळलेल्या त्या दोन बोटांवर. माझ्याकडचा कागद घेऊन जा म्हटलं तर म्हणायच्या, “कागद वाचून हात हालला असता तं मास्तरायले लकवा मारलाच नसता.” त्यांनी किती घरं केली ते मला ठाऊक नाही. त्यांच्याकडे मागणारे होते तसे त्यांना घालवून देणारेही होते. एका घरी त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. तिथे त्या पुन्हा गेल्या.

मी एकदा विचारलं, “मावशी, का करता हे?”

“रोवना तं गेला,” त्या म्हणाल्या. “लोकायच्या मांग लागाची सवय रायली.”

दुसरा झटका पुढच्या वर्षीच्या पौषात आला आणि तो मोठा होता. दोन दिवस दवाखान्यात होत्या, मग गेल्या. मला कळलं ते आठवड्याने, आत्मारामजी सांगायला आले तेव्हा. या वेळी ते बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत, ग्लास हातात धरून राहिले.

“शेवटी दोन्ही हात गेले होते तिचे,” ते म्हणाले. “मी चमच्यानं पानी पाजलं. तिनं पेलं. माह्याकडे पाहत होती, पन मना नाई केलं.” मग त्यांनी मला एकदम विचारलं, “मॅडम, चुकलं तं नाई ना माहं?”

“नाही, आत्मारामजी,” मी म्हटलं. “चुकलं नाही.”

ते बराच वेळ मान हलवत राहिले.

सायत्राबाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या झटक्याच्या महिनाभर आधी, तिरोड्याच्या बसस्टँडवर. मी औषधाच्या दुकानात उभी होते. त्या आणि आत्मारामजी गावाकडच्या बसला निघाले होते. आत्मारामजींचे डोळे तोवर बरेच अधू झाले होते, त्यामुळे त्यांना आधी चढवून त्या मागे राहिल्या. डाव्या हाताने त्यांना मागून आधार दिलेला होता. म्हणजे चढायला दारातला दांडा धरायचा तो उजव्यानेच. त्यांनी हात वर केला, जिथवर जातो तिथवर, आणि पंजा दांड्याला लावला. बोटं लगेच मिटली नाहीत. मागे चार-पाच माणसं खोळंबली होती. त्यातला एक मोबाइलवर बोलणारा घाई करू लागला.

“रुक ना भाई,” कंडक्टर त्याला म्हणाला.

त्याने घंटीची दोरी हातात धरली होती, पण ओढली नाही. तो त्यांच्या हाताकडे बघत होता. आधी अंगठा वळला. मग पहिलं बोट, मग दुसरं. सायत्राबाईंनी एकदा दांडा हिसडून पाहिला, पाय पायरीवर ठेवला आणि वर चढल्या. मग दोन घंट्या झाल्या आणि बस निघाली.